दाजींची गाडी आणि माझं दोन सूत

परळच्या आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत बसून मी एकदा स्क्रू गेजने शिवणाच्या दोऱ्याची जाडी मोजली आणि त्या हुशारीपायी सुशीलाची नोकरी जवळजवळ घालवली. तेव्हा मी पंचावन्नची होते, भौतिकशास्त्र शिकवत होते, आणि आपल्याला सगळं कळतं असा माझा ठाम समज होता. आता नातवंडं तो रोज दुरुस्त करतात.

पण सांगायचं आहे ते दाजी परबांबद्दल. दाजी गिरणीतले जुने फिटर. गिरणी बंद पडल्यावर शाळेचे बाक, नळ, घंटा, सगळं तेच बघायचे. कुठलीही वस्तू हातात आली की आधी बोटाने टकटक करायची, कान लावायचा आणि म्हणायचं, "थांबा, ही काय सांगता ता ऐकूया." एकदा त्यांनी माझ्या जेवणाच्या डब्यालाही कान लावला. "आज भाकरी नाय, पोळी आसा." बरोबर निघालं! कसं, ते मला अजून उमगलेलं नाही.

परदेशी गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला गवत कापायचं यंत्र पाठवलं. वर बसून मोटारीसारखं चालवायचं. मैदान आणि बाग सांभाळणारी सुशीला पदर खोचून दोन दिवसांत ते शिकली. पण कापलेलं गवत खताच्या खड्ड्यापर्यंत पाटीतून डोक्यावरच न्यायचं, आणि तिची मान धरलेली. डॉक्टरांनी डोक्यावर ओझं घ्यायला बंदी केली. विश्वस्त म्हणाले, "मग मैदान ठेकेदाराला देऊन टाकू."

दाजींनी हे ऐकलं आणि यंत्राभोवती एक फेरी मारली. "बैल इलो, मगे गाडी खंय?"

गाडी त्यांनी शेडमध्ये जुळवायला घेतली. भंगारातली दोन चाकं, मोडक्या बाकांच्या लोखंडाची चौकट, तळाला जुना फळा. मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन तिथेच बसायचे. चाकं अगदी मागे का नाहीत, बरोबर मध्ये का नाहीत, मला भारी कुतूहल. दाजी मोकळ्या गाडीच्या मागच्या टोकावर पाय ठेवायचे. पुढचा दांडा टुणकन वर. "बघितलात? वजन पाठी झाला तर गाडीच बैलाक उचलता." तीस वर्षं मी फळ्यावर तरफ काढत होते. इथे फळ्यावर पाय देऊन ती शिकवली जात होती.

फक्त दांड्याचं भोक पाडायचं राहिलं. त्यात पिन घालून गाडी यंत्राला जोडायची. नेमकं तेव्हाच दाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. त्यांनी फोनवर सांगितलं, "भोक पिनीपेक्षा दोन सूत मोठा ठेवूक सांगा वेल्डराक."

गिरणगावात वाढलेली मी. सूत म्हणजे सूत! चातीवरचं, मागावरचं. काय ही बारीक नजर, मी मनात म्हटलं, गिरणीचा माणूस धाग्याच्या जाडीने मोजतो. मग काय, घरून रीळ आणलं, जाडी मोजली, दुप्पट केली आणि वेल्डरला दशांशात आकडा लिहून दिला. वर नववीच्या वर्गात 'श्रमिकांची सूक्ष्म मापनपद्धती' यावर पाच मिनिटं बोलले. मुलांनी वहीत उतरवूनही घेतलं.

चाचणीला विश्वस्त आले. सुशीला यंत्रावर, मागे गवताने भरलेली गाडी. सरळ गेली तोवर टाळ्या. धावपट्टीच्या कडेला एक उंचवटा आहे. यंत्र त्यावर चढलं, पण पिन भोकात गच्च बसलेली, गाडी मान हलवेना. दांडा वाकला, गाडी कलंडली आणि सगळं गवत विश्वस्तांच्या चपलांवर.

दाजी काळा चष्मा लावून आले होते. त्यांनी भोकात बोट फिरवलं. "ह्या माप कोणी दिला?"

मी ध्वजस्तंभाकडे बघत राहिले. सुशीला माझ्याकडे बघत होती.

"मीच दिलंय," दाजी म्हणाले. "फोनार नीट सांगूक नाय."

"एक तारखेपासून ठेकेदार," विश्वस्त चपला झटकत म्हणाले.

शेडमध्ये गेल्यावर मी रिळाची हकिगत सांगितली. दाजी इतके हसले की चष्मा काढून, डॉक्टरांचं न ऐकता, डोळे पुसावे लागले. "अवो, कारागिराचा सूत म्हणजे इंचाचो आठवो हिस्सो! दोन सूत म्हणजे पाव इंच! पिनीक हलूक जागा नको?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विश्वस्तांसमोर उभी राहिले आणि रिळासकट सगळं कबूल केलं. ते आधी गंभीर झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. शनिवारपर्यंत मुदत मिळाली.

शनिवारी नवं भोक, सरळ केलेला दांडा. गाडी उंचवट्यावर डुलली, वाकली आणि यंत्रामागून मुकाट गेली. सुशीलाने गरज नसताना आणखी तीन फेऱ्या मारल्या. निवृत्त होईपर्यंत मैदान तिच्याकडेच राहिलं.

दाजी दोन वर्षांपूर्वी गेले. त्या शनिवारी सगळे पांगल्यावर मी त्यांना म्हटलं होतं, "दाजी, त्या दिवशी मी गप्प राहायला नको होतं. चूक माझी आणि नाव तुमचं गेलं." ते पिनीला तेल लावत होते. मान वर न करता म्हणाले,

"ता जावंदे. पण बाईंनू, उत्तर म्हायत असताना पोरांका दिवसभर विचारतास, आणि म्हायत नाय तेव्हा माका विचारूक काय झाला होता?"