अठरा किलोंची होडी

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पाठ पत्र्याच्या होडीनं घालवली. ती होडी ओढायला दोन गडी लागायचे आणि घरात गडी म्हणून ते एकटेच. भाऊ पुण्याला नोकरीला, मी बारामतीला खोली घेऊन राहते. आमचं रान इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून. पाणी मागं सरकायला लागलं की काठाला गुडघाभर गाळ उरतो, म्हणून मोटर प्लास्टिकच्या पिंपांच्या तराफ्यावर ठेवून लांब खोल पाण्यात उभी केलेली असते. मोटरच्या पाइपाच्या तोंडाला जलपर्णी अडकते. ती काढायला एक दिवसाआड होडीनं जावंच लागतं, नाहीतर ऊस वाळतो.

मी बारामतीच्या एमआयडीसीत फायबरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम करते. टाक्या, दारं, गाड्यांचे टप असं काहीबाही बनतं. हाताला काचेच्या कापडाची खाज आणि डोक्यात रेझिनचा वास, ही माझी सात वर्षांची कमाई. त्या डिसेंबरात डॉक्टरांनी आबांना वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं, तेव्हा मी ठरवलं की एका माणसाला उचलता येईल अशी होडी आपणच करायची. मालकांना विचारलं. त्यांनी उरलेलं कापड आणि फोमची काही शीट नेऊ दिली. रेझिन मी विकत घेतलं.

आमच्या घरामागं पत्र्याचं शेड आहे. आजोबांच्या वेळेला तिथं मेंढरं असायची. मी प्लायवूडचे साचे कापून एका ओळीत उभे केले, त्यांच्यावर फोमच्या पट्ट्या बसवल्या, घासून गुळगुळीत केल्या. वरून काचेचं कापड, त्यावर रेझिन. मग उलटी करून आतूनही तसंच. आठवड्याच्या सुट्टीला येऊन जेवढं होईल तेवढं. कितीही झाडलं तरी शेडमधून मेंढराचा एखादा केस उडायचा आणि रेझिनमध्ये बसायचा. आबा खुर्ची टाकून बघत बसायचे. काही बोलायचे नाहीत, पण मी बारामतीला गेले की आईला विचारायचे, ती परत कधी येणार.

एकदा मी डब्यात जास्त रेझिन कालवलं आणि चहाला गेले. परत आले तर रेझिन आपोआप तापून डबा धुमसत होता. हात लावला तर चटका बसला. आबांनी लांब काठीनं तो डबा ढकलत अंगणात नेला. पिवळा धूर निघाला, शेजारची शेळी दावं तोडून पळाली. आई म्हणाली, "असलं पाण्यात घालणार हाय का तुमी?" आबा हसले. मला हसू आलं नाही. काम माझ्या सवयीचं होतं, तरी त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे वर्कशॉप नाही, इथं चूक झाली तर दुसरं कुणी बघायला नाही.

आतला शेवटचा थर मी मार्चमध्ये दिला. त्या दिवशी अवकाळी आभाळ होतं, हवा ओलसर. असल्या हवेत थर देऊ नये हे मला पक्कं माहीत होतं. पण पुढच्या दोन सुट्ट्या मिळणार नव्हत्या आणि आबांनी त्या आठवड्यात पत्र्याची होडी पुन्हा ओढली होती. मी थर दिला.

सुकल्यावर रुपयाच्या नाण्यानं सगळीकडं ठोकून पाहिलं. वर्कशॉपमध्ये आम्ही तसंच तपासतो. चांगल्या जागी नाणं टणक वाजतं. बसायच्या फळीखाली, तळहाताएवढ्या जागेत ते मऊ वाजलं, ओल्या लाकडावर वाजावं तसं. म्हणजे आतला थर तिथं फोमला धरलेला नव्हता. पुन्हा ठोकलं. पुन्हा तसंच. ती जागा कापून काढायची आणि परत भरायची, एवढाच उपाय. दोन दिवसांचं काम. आबा दारात उभे होते. ते म्हणाले, "झाली व्हय?"

मी म्हणाले, झाली.

निळा रंग दिला. वजनकाट्यावर होडी अठरा किलो भरली. आबांनी ती एका हातानं काखेत धरली आणि पाण्याकडं चालायला लागले, पाठ ताठ करून. असं चालताना मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

काठावर तात्या जाळं निवडत होते. तात्या आमच्या गावातले जुने मासेमार. त्यांनी होडी उचलून पाहिली आणि परत खाली ठेवली. मग म्हणाले, "हलकी हाय. पाण्याला हलकं आवडतं. पर वाऱ्यालाबी आवडतं." दुपारी वारा सुटायच्या आत माघारी यायचं, एवढं त्यांनी आबांना दोनदा सांगितलं. माझं मात्र त्यांच्या बोलण्याकडं नीट लक्ष नव्हतं. माझ्या कानात ते मऊ नाणंच वाजत होतं.

महिनाभर सगळं ठीक चाललं. प्रत्येक सुट्टीला मी आले की आबा नसताना होडी उलटी करून ती जागा दाबून बघायचे. अंगठ्याखाली किंचित दबायची. आधीपेक्षा जास्त की तेवढीच, हे मला ठरवता येईना. पुढच्या सुट्टीला कापू, असं म्हणत मी चार सुट्ट्या घालवल्या.

मे महिन्यातल्या एका सुट्टीला आबा अकराच्या सुमारास निघाले. पाइपाच्या तोंडाशी जलपर्णी फार झाली होती. तासाभरात येतो म्हणाले. एक वाजला, आले नाहीत. दोन वाजता वारा सुटला. शेडचा पत्रा वाजायला लागला. मी फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. पुन्हा लावला. काठावर गेले तर पाण्यावर पांढऱ्या लाटा आणि माणूस कुठंच नाही. तराफा वळणापलीकडं असल्यानं काठावरून दिसत नव्हता. मी फोन लावतच राहिले.

तीनच्या पुढं तात्यांची होडी दिसली. ते जोर लावून वल्हवत येत होते आणि त्यांच्या मागं दोरीला आमची निळी होडी होती. जवळ येईपर्यंत मी समजूत घालत होते की आबा आत आडवे झाले असतील. होडी रिकामी होती. तळात आबांच्या चपला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन. पिशवीतून दिसत होतं, माझे सतरा कॉल.

तात्या एवढंच म्हणाले, "पार तिकडल्या काठाला लागली हुती. बस होडीत."

आई काठावर आली होती. ती रडली नाही. पदर तोंडाला धरून नुसती उभी राहिली. मी तात्यांच्या होडीत बसले आणि दुसरं वल्हं घेतलं. समोरून वारा. दोन हात पुढं गेलं की एक हात मागं येत होतं. मला वाटत होतं तो थर फाटला, होडी आत पाणी घेऊन कलंडली, आबा पडले आणि मग ती रिकामी तरंगत गेली. तात्यांना ते न सांगता मी वल्हं मारत राहिले.

अर्ध्या वाटेत तात्यांनी विचारलं, "लाईट कवा येती?"

चारला. त्या आठवड्यात थ्री फेज चारला येत होती आणि आमची मोटर ऑटोवर होती, लाईट आली की आपोआप सुरू व्हायची. तराफ्यावर वायरींचे जोड होते. तराफा धड असेल तर ठीक. नसेल तर आबा असतील तिथल्या पाण्यात करंट उतरणार. पावणेचार होऊन गेले होते. मी आईला फोन केला. आई आयुष्यात कधी मोटरच्या स्टार्टरच्या पेटीला हात लावत नाही. मी सांगितलं, पळत जा, वाळक्या काठीनं खटका खाली पाड. ती म्हणाली, "पाडते." आणि फोन चालूच ठेवून पळाली. मला तिचा श्वास ऐकू येत होता, मग काहीतरी आपटल्याचा आवाज, मग तिचं "पाडला गं."

वळण ओलांडल्यावर तराफा दिसला. तो एका बाजूला झुकला होता, एक पिंप पाण्यानं भरलं होतं. वायरीचे जोड पाण्यात. वर कुणी दिसेना. तात्यांनी हाक मारली. मोटरीच्या पलीकडून एक हात वर आला.

आबा आडवे पडले होते, एक हात पाइपाच्या दोरीत पिळून घातलेला. आम्ही त्यांना ओढून होडीत घेतलं. ओठ पांढरे पडले होते, हाताला दोरीचे वळ. माझ्याकडं न बघता त्यांनी पाण्याकडं बोट केलं. मग म्हणाले, "उतरलो आन् दोरी बांधायच्या आत एक झुळूक आली, ती सरकली. मी हात केला. अशी गेली, जसं कुणी वडून न्यावं. पवत जावं म्हणलं तर पाठ हालंना."

माघारी वारा पाठीशी होता. चार वाजून गेल्यावर आईचा फोन आला, लाईट आली, घरातला दिवा लागलाय म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. आबा खाटेवर होते. मी त्यांना त्या जागेबद्दल सांगितलं, नाण्याचं, अवकाळी हवेचं, चार सुट्ट्यांचं. सगळं ऐकून ते म्हणाले, "होडी फुटली न्हाय. दोरी माझ्या हातनं ऱ्हायली." मग म्हणाले, "पर तू सांगाय पायजे हुतंस. मी त्यात बसत हुतो." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

मी ती जागा कापली. कापड आतून कोरडं, पांढरं, रेझिन तिथपर्यंत पोचलंच नव्हतं. फोमच्या कडेनं चमचाभर तपकिरी पाणी निघालं. म्हणजे पाण्याला वाट सापडली होती. अजून किती दिवस गेले असते, ते मला सांगता येत नाही.

ती जागा मी नीट भरली, दोन कोरडे दिवस देऊन. वाऱ्यानं सरकू नये म्हणून पुढच्या टोकाला वाळूची पिशवी बांधली, लांब दोरी लावली, बारामतीहून लाइफ जॅकेट आणून दिलं. जॅकेटावर आबा बसतात, कारण फळी टोचते. मी रागावते, ते व्हय म्हणतात.

पंधरवड्यानं मी घरी आले तर शेडमध्ये होडी नव्हती. आई चुलीपाशी होती. मी विचारलं तर तिनं मान वर केली नाही, फक्त पाण्याच्या दिशेनं हात केला. काठावर चिखलात आबांच्या चपला होत्या, शेजारी शेजारी, नीट ठेवलेल्या. सकाळचे नऊ वाजले होते, पाणी अगदी गप्प होतं. वळणाकडं बघत, ते यायची वाट बघत, मी तिथंच एका दगडावर बसले.