मी पुसलेली रविवारची ओळ

मागच्या महिन्यात एका गुरुवारी संध्याकाळी, शारजातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये अश्विनी भेटली. ती चौथ्या मजल्यावर, मी पाचव्या... सहा वर्षांची शेजारीण आणि मैत्रीण. चौथा मजला येईपर्यंत तिने सांगून टाकलं, "मेधा, आम्ही साउथ फ्रान्सला चाललोय, दहा दिवस! तुझी ती फाइल पाठव ना."

ती फाइल म्हणजे माझा जीव की प्राण. चार वर्षं मी एक्सेलमध्ये ही ट्रिप आखतेय. आव्हिन्योंजवळच्या एका लहानशा गावात भाड्याने घर घ्यायचं, एक गाडी घ्यायची आणि रोज तासाभराच्या आतलं एकच ठिकाण बघायचं... नऊनंतर निघायचं, उजेडात परत यायचं. सात दिवसांत पाच देशांतून पळवणाऱ्या टूर्सचा मला मनापासून राग आहे.

गोर्द गावात पार्किंग कुठे, रुसियोंच्या लाल मातीत कोणते बूट घालू नयेत, चहाला कुठे थांबायचं... सगळं त्या शीटमध्ये आहे. फक्त जायचं राहिलंय. दरवर्षी नवरा म्हणतो, "इन्शाल्ला, नेक्स्ट इयर," आणि त्याचा अर्थ 'कधीच नाही', हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. यंदा त्याची नोकरी नवीन, रजा नाही. खलास.

आणि जिने आजवर इथल्या जवळच्या फुजैराच्या बीचपलीकडे एक ट्रिप आखली नाही, ती चालली होती. आयत्या बिळावर नागोबा! घरी येऊन ही बातमी सांगताना मी कुकर असा काही आपटला, की माझी लेक मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "आई, यू आर सो जेलस."

होतेच. अगदी पोटात दुखत होतं.

फाइल पाठवायला बसले, तर रविवारची ओळ समोर आली. लाल रंगात मीच लिहिलं होतं... 'गावातलं दुकान रविवारी साडेबाराला बंद. हॉटेलचं किचन दोनला बंद. दूध, भाजी, ब्रेड शनिवारीच घ्या.' आपल्याकडे खालच्या ग्रोसरीला फोन केला की रात्री अकरालाही कोथिंबीर दारात येते. त्यामुळे इथून गेलेल्या माणसाला हे स्वप्नातही सुचणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी ती ओळ सिलेक्ट केली आणि पुसली. रविवार कोरा झाला. मग स्मायली टाकून फाइल पाठवून दिली.

वाटलं, होऊ दे जरा तारांबळ. एक दिवस उपाशी राहिले तर काही मरत नाहीत... हे मी तेव्हा खरंच मनात म्हटलं होतं. आज लिहितानाही कसंतरी होतंय.

ती मंडळी शनिवारी पोहोचली. रविवारी संध्याकाळी अश्विनीचा व्हिडिओ कॉल आला आणि मी तयारीत बसले... आता ही रडणार, आता मी "अरेरे" म्हणणार. तर बाईसाहेब अंगणातल्या खुर्चीवर पाय पसरून बसलेल्या! मागे तिचा नवरा निखिल चक्क भांडी घासत होता.

झालं होतं ते असं. ती सगळी अकराला उठली, एक वाजता दुकानात गेली, तर शटर खाली. हॉटेल शोधेपर्यंत तिथलं किचनही बंद. अश्विनीच्या आईने सोबत दिलेली भाजणी बॅगेत होती, कुंपणापलीकडच्या आजीबाईंनी टोमॅटो दिले. मग थालीपीठं लावली आणि दिवसभर अंगणातच बसली.

"अगं, रोज ट्रॅफिकमध्ये तीन तास जातात निखिलचे. आठ महिन्यांनी आम्ही दोघं न भांडता एवढं बोललो," ती म्हणाली. "तू रविवार कोरा ठेवलास ना, थँक्यू गं."

आणि मी काय म्हणावं? "हो ना... मुद्दामच ठेवला."

फोन ठेवला आणि मला स्वतःची किळस आली. माझं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस याच बाईने आमच्या तिघांचा डबा वर आणून दिला होता. तिला मी उपाशी ठेवायला निघाले होते, आणि वर तिचं थँक्यूही खिशात घातलं होतं.

सोमवारी ऑफिसला जाण्याआधी पार्किंगमध्ये बसून व्हॉइस नोट केली. ओळ मी पुसली, जळून पुसली, सगळं सांगितलं. दहाच्या सुमारास निळ्या टिक्स आल्या... आणि मग दिवसभर काहीच नाही. ऑफिसात मी एकच मेल तीनदा पाठवली. सहा वर्षांची मैत्री एका ओळीपायी गेली, असंच मी धरून चालले होते.

संध्याकाळी घरी परतून पार्किंगमध्ये गाडी लावत होते, तेव्हा तिची व्हॉइस नोट आली. सॉरी, म्हणाली, सकाळी ऐकलं आणि लगेच निघालो, दिवसभर डोंगरात होतो, रेंज नव्हती.

"आणि मला त्या बंद शटरसमोरच कळलं होतं, मेधा. चहाला थांबायचे पण दोन-दोन ऑप्शन लिहिणारी बाई अख्खा रविवार कोरा सोडेल होय? पण दिवस खरंच छान गेला, म्हणून थँक्यू म्हटलं. आणि ऐक... तुझ्या जागी मी असते ना, तर अख्खी शीटच डिलीट मारली असती!"

पार्किंगमध्येच हसता हसता रडले मी.

ती परवा परत येतेय. तिच्या अंगणाचे फोटो बघून पोटात अजूनही दुखतं, ते काही इतक्यात थांबणार नाही. पण माझा वाईटपणा डोळ्यांनी बघूनही मला थँक्यू म्हणणारी ही बाई माझ्या खालच्याच मजल्यावर राहते... माझी लायकी नसताना.