समासातली ओळ

माझ्यासारख्याने लिहायला बसावं हे जरा जास्तच होतंय, त्याबद्दल आधी माफी मागतो. गुजरातेत राहणाऱ्या आमच्या मराठी घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या उत्तरांपलीकडे मी काही लिहिलेलं नाही. एक ओळ मात्र लिहिली होती, नको तिथे. ती डोक्यातून जात नाही.

लोकप्रशासनाच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला सहा आठवडे सरकारी कचेरीत इंटर्नशिप करावी लागते. मला मांडवीजवळची कचेरी मिळाली. अर्ज घ्यायचे, कागद तपासायचे, आवक नंबर टाकायचा, एवढंच काम. शिकवायला एक वयस्कर गुजराती कारकून होते, सगळे त्यांना काका म्हणत. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "जो भाई, बघ, इथे डोळ्यांनी शिकायचं. हात खिशात."

पाचव्या आठवड्यात एक मावशी आल्या. नवरा गेलेला, विधवा सहाय्याचा अर्ज. मी मराठी बोलतो हे कळताच त्यांनी पिशवीच माझ्यापुढे ठेवली.

"तूच बघ रे बाबा. दोनदा पिटाळलं मला. म्हणतात, दाखल्यावरची बाई वेगळी नि आधारवरची वेगळी. मी काय दोन बायका आहे का?"

खानदेशातल्या शाळेच्या दाखल्यावर त्यांचं माहेरचं नाव होतं, आधारवर सासरचं. लग्नात बदललेलं. मला त्यात काहीच अडचण दिसेना. माझ्या आईलाही मामा एका नावाने हाक मारतात आणि बाबा दुसऱ्या. हे समजणारा कचेरीत मी एकटाच, असंही वाटलं असेल. मी पेन काढलं आणि अर्जाच्या समासात गुजरातीत लिहून टाकलं की दोन्ही नावं एकाच बाईची आहेत. नंबर टाकला.

"झालं, मावशी. आता खेपा घालू नका. होऊन जाईल."

अर्ज वर साहेबांकडे गेल्यावर काकांनी नोंदवहीत मावशींचं नाव पाहिलं आणि दोन नावांचं काय केलंस, असं मला विचारलं. मी सांगितलं.

"अरे दीकरा! समासात लिहिताना साहेबसुद्धा दोनदा विचार करतात. सोगंदनामा कुठाय?"

नाव बदललं असेल तर प्रतिज्ञापत्र लागतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मावशींनी दिलेला फोन नंबर बंद लागत होता. पत्ता वहीत होता. काका म्हणाले, घरी जाऊ नकोस, लोक भलतंच समजतात. मी ऐकलं. खरं तर ऐकणं सोपं होतं, माझ्या इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रावर अजून सही व्हायची होती.

ते मिळालं. बाबांनी कौतुकाने ताबडतोब लॅमिनेट करून आणलं, आणि विद्यापीठाचा शिक्का त्यावर बसेना म्हणून दुसरं काढावं लागलं. घरी सगळे हसले. मला हसू येईना.

त्यानंतर कितीतरी वेळा गोत्रीच्या घरून निघून मी मांडवीपर्यंत गेलो. खिडकीपुढची रांग बघायचो आणि परतायचो. विचारलं तर काय ऐकावं लागेल, याची भीती. न विचारता अभ्यासही होत नव्हता. पुस्तक उघडलं की तोच समास.

परवा काकांचा फोन आला. मी उभाच राहिलो.

अर्ज तेव्हाच नामंजूर झाला होता. तसं पत्रही गेलं होतं, पण गुजरातीत. मावशींना वाटलं, हेच मंजुरीचं. त्यांनी ते देवाच्या फोटोमागे जपून ठेवलं आणि पाच महिने वाट पाहिली. मग ते पत्र घेऊन कचेरीत आल्या. काकांनी स्वतः त्यांना वकिलाच्या टेबलापाशी नेऊन सोगंदनामा करवला, नवा अर्ज भरला.

"काल मंजूर झाला," काका म्हणाले. "मी विचारलं, बेन, इतके दिवस आलात का नाही? तर म्हणे, त्या मराठी मुलाने सांगितलं होतं, खेपा घालू नका."