मिश्रीच्या डबीतलं औषध

कोरफडीने बरा होणार नाही असा रोग, आमच्या मामांच्या मते, अजून जन्माला यायचा आहे. त्यांचं सारं आयुष्य पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये गेलं, पण निवृत्त झाल्यावर दारात द्राक्षाचा एक वेल लावला नाही. रंगाचे डबे, फुटक्या बादल्या, जिथे माती मावेल तिथे कोरफड. मी नाशिकहून गेलो की पाणी मिळायच्या आधी माझ्या हिरड्यांना कोरफडीचा गर लागायचा. आतला पिवळा चीक आधी गळू द्यावा, असं मी एकदा सुचवलं. "गुण फेकायचा आन् चोथा ठेवायचा? कडू लागतंय म्हंजी काम करतंय!" चिकाने काय काम केलं ते पुढचे दोन दिवस माझं पोट मला सांगत होतं.

मग मामीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तव्यावर जाळलेल्या तंबाखूची मिश्री ती लग्नाआधीपासून दातांना घासायची. दातांच्या डॉक्टरकडे नेऊ, असं मी म्हटलं तर मामा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मामी गर लावेना आणि मिश्री सोडेना, तेव्हा मामांनी कोरफड वाळवली, कुटली आणि स्वतःच्या हाताने तिच्या डबीत मिसळली. "आता लाव किती लावायची ती. औषधच हाय." जन्मभर जिच्यासाठी बोलणी खाल्ली ती मिश्री नवराच हातात आणून देतोय म्हटल्यावर मामीला आभाळ ठेंगणं झालं. दोनदाची मिश्री पाचदा झाली. आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. मीही हसलो, याची आज लाज वाटते.

मामीचे पुढचे दात हलायला लागल्यावर मी मामांचं ऐकलं नाही, मामीला डबीसकट गाडीत घालून नाशिकला आणलं; मामाही मागे येऊन बसले. डॉक्टरीणबाईंनी डबी हुंगली. "यात तंबाखू आहे. हिरड्या तिनेच खाल्ल्या. कुणी दिली ही?"

"मी," मामा म्हणाले. एवढं छोटं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

सहा दात काढावे लागले. मला मामांचा राग आला होता, अजूनही येतो. मिश्री सुटली, पण मामीला आता कडक काही चावत नाही. कुणी विचारलं तर ती पदराआड हसून सांगते, "ह्यांच्या कोरफडीमुळं बाकीचे तरी ऱ्हायले, नायतर कवाच गेले असते." गावभर वाद घालणारे मामा तेव्हा दुधातली भाकरी बोटाने दाबून बघतात आणि मऊ झाली असली की वाटी तिच्यापुढे सरकवतात.