सरांनी शोधायला दिलेला कागद

“वाचू नका, शोधा!” असं म्हणत आमच्या परळच्या शाळेतले इंग्रजीचे सर पुस्तकाऐवजी औषधाच्या खोक्यातला कागद बाकावर पसरायचे. “रोज किती गोळ्या? जेवणाआधी की नंतर? चला, पाच मिनिटं!” पोरं नुसती तुटून पडायची. वीजबिल, नूडल्सचं पाकीट, चाळीच्या जिन्यात लावलेली बिल्डरची नोटीस, सरांना काहीही चालायचं.

मी मराठी शिकवते आणि माझी जीभ जरा तिखटच. “सर, ही शाळा आहे की रद्दीचं दुकान?”

“बाई, उद्या तुमच्या घरची आणा,” ते हसून म्हणायचे. असले मास्तर तुम्हीही पाहिले असतील. त्यांच्यावर धड चिडताही येत नाही.

सातवीतली दीक्षा मात्र त्यांना दाद देत नव्हती. धडा घडाघडा पाठ म्हणायची, पण नवा कागद दिला की मुकी. दोन वर्षं सर हात धुऊन तिच्यामागे लागले होते. “ही स्वतःहून एक पान वाचेल ना, त्या दिवशी सगळ्या स्टाफरूमला वडे!”

मग सरच आजारी पडले. पोटाचं दुखणं. डॉक्टर काय म्हणाले ते वहिनींनी त्यांना कळू दिलं नव्हतं. कागद वाचू नयेत म्हणून चष्मासुद्धा मुद्दाम घरी ठेवला होता. मी दीक्षाला घेऊन हॉस्पिटलात गेले, तेव्हा वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या आणि डॉक्टरांचा टाइप केलेला इंग्रजी कागद स्टुलावर राहिला होता. सरांनी तो तिच्या हातात दिला.

“चष्मा घरी राहिलाय गं. शोध बघू, मला कधी सोडणार?”

मी तो ओढून घ्यायला हवा होता. नाही सुचलं मला. दीक्षाचं बोट ओळीवरून सरकलं, थांबलं, पुन्हा मागे आलं.

“नाही जमलं, सर.”

“असू दे, बाळा.” सरांचा चेहरा एवढासा झाला. “माझंच शिकवायचं चुकलं.”

जिन्यात तिने माझा पदर घट्ट धरला. “बाई, औषधांचा आता उपयोग नाही, घरी न्या, असं लिहिलंय. म्हणजे सर...?” मी तिला पोटाशी धरलं. पोरीनं शब्दन् शब्द बरोबर वाचला होता.

एरवी मेलं माझं तोंड कधी गप्प बसत नाही! पण सरांना सांगणार कसं? तिला वाचता येतं म्हणायचं, तर काय वाचलं तेही सांगावं लागलं असतं. आठवड्यानं सर गेले. ही एक पोरगी आपल्या हातून राहून गेली, असं वाटतच गेले.