शिवेवरचा गाडा

आखाडा बाळापूरच्या थांब्यावर आबांनी माझी पत्र्याची पेटी एस.टी.च्या टपावर चढवली आणि बसकडे पाठ करून उभे राहिले. "जाय आता. मागं वळून पाहू नको," एवढंच म्हणाले. औरंगाबादला नर्सिंग शिकायला निघालेली मी आमच्या वस्तीतली पहिली मुलगी. दुसऱ्यांचे बाप रडतात. माझे पाठमोरे उभे, कारण तोंड दिसलं तर मी वळून पाहीन.

आमच्या वस्तीतले जे गावात राहिले त्यांना यामागची गोष्ट पाठ आहे. माझ्यासारखे बाहेर पडले त्यांनी ती विसरायचा प्रयत्न केला असेल. निजामाच्या काळात गावात पटकी आली, म्हणजे कॉलरा. रोग घालवायला मरीआईचा गाडा शिवेवर नेऊन सोडायचा आणि परतताना मागं बघायचं नाही, असा रिवाज. गाडा ओढायचं काम अर्थातच आमच्या घरांचं. तोवर आमच्या वस्तीत पटकी नव्हती. आबांच्या वडिलांनी मागं पाहिलं, म्हणून देवी त्यांच्यामागं परत आली आणि निम्मी वस्ती घेऊन गेली, असं सगळे सांगत. घरातलं कुणी उरलं नाही. तान्हे आबा मामाकडे होते म्हणून वाचले. पुढं आम्ही बौद्ध झालो, मरीआईचा शेंदरी दगड ओढ्यात सोडून दिला. तो आळ मात्र आबांच्या मानगुटीवरून उतरला नाही. साधं बांधावरचं भांडण झालं तरी कुणीतरी तो काढायचंच.

मी निघायच्या आधी ते म्हणाले होते, "तिथं शिकलेली मानसं असतेत. इचार त्याइला, आमची मानसं कशानं मेली. माज्या बापानं न्हाई मारली, येवढं कळालं तरी बास."

उन्हाळ्यात आमच्या वॉर्डात कॉलऱ्याचे पेशंट आले. डोळे खोल गेलेली माणसं सलाईनवर बघता बघता उठून बसायची, चहा मागायची. मला आनंद व्हायला हवा होता. मी बाथरूमचं दार लावून रडायचे. एवढं सोपं होतं? मीठ आणि पाणी? सुट्टीला पटकीच्या वर्षातल्या मृत्यूंच्या नोंदी शोधायला कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. एकजण म्हणाला, कागद हैदराबादला गेले. दुसरा हसून म्हणाला, तुमच्या लोकांचे मृत्यू कोण लिहून ठेवतंय, बाई? माणसं मेल्याची कुठं नोंद नाही आणि आळ तेवढा जिवंत, याचा मला इतका संताप यायचा की जेवण जात नसे.

शेवटी रजेवर आले तेव्हा शिवेपलीकडच्या गावात गेले. तिथं एक म्हातारी भेटली. त्या पटकीच्या वर्षी आमचा गाडा त्यांच्या हद्दीत येऊ नये म्हणून तिचा बाप काठी घेऊन शिवेवर उभा होता, आणि ही लहान पोर त्याच्या मागं.

"गाडा सोडून समदे माघारी चालले व्हते," ती म्हणाली. "येकजन ओकत ओकत ओढ्यापाशी पडला. त्यानं हाक मारली, पर भ्यानं कोनी थांबंना. तुजा आजा तेवडा वळला. भावाला पाठीवर घेऊन गेला, माय."

पुढचं तिनं सांगायची गरज नव्हती, मी ते शिकले होते. भावाला घरी आणलं. त्याचे कपडे वस्तीच्या आडावर धुतले असतील, आणि तेच पाणी सगळे प्याले. म्हणजे आजोबांनी मागं पाहिलं हे खरं, आणि त्यानंच वस्ती गेली हेही बहुतेक खरं. एवढं शिकून मी आबांसाठी काय आणलं, तर गावाच्या आळावर दवाखान्याचा शिक्का.

खोटं बोलायचं ठरवून घरी गेले आणि सगळं खरं सांगून बसले. आबा हातातली विडी न पेटवता नुसती फिरवत राहिले. "मंजी पाह्यलंच व्हतं त्यानं," ते म्हणाले. मग विडी कानामागं खोचून, "पर भाऊ हाक मारून राहिला, तं काय करील मानूस?" ते मलाच विचारत होते. रजा संपेपर्यंत ते माझ्याशी धड बोलले नाहीत.

मी निघाले तेव्हा मात्र आबा थांब्यावर आले, नेहमीसारखे पाठ करून उभे राहिले. बस हलली आणि मागून हाक आली, "पोरी!" मी खिडकीतून मान काढून वळले. ते माझ्याकडे तोंड करून उभे होते. काही द्यायचं, सांगायचं राहिलं असेल असं वाटलं. काही राहिलं नव्हतं.

आता औरंगाबादेत नोकरी आहे, क्वार्टर आहे, नळाला पाणी आहे. तरी घर कुठलं असं कुणी विचारलं की मला ती हाक ऐकू येते. अशा हाकेला वळलं की मागोमाग काय येतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. मी वळते.