खिशातले हात

कटिंग ऑइलचा वास आला की मला ऐंशीच्या दशकातला कांजूरमार्गचा आमचा कारखाना आठवतो. मी जन्मापासून बहिरा, पण त्या धडधडाटात कुणालाच ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे कामगार माझ्याकडून शिकलेल्या हाताच्या खुणांनीच बोलायचे. सुपरवायझर नेमायची वेळ आली तेव्हा "बहिरा काय माणसं सांभाळणार?" हे मी फोरमनच्या ओठांवर वाचलं. त्याने स्टोअरमधला आपला मेहुणा आणून बसवला. पुढच्याच आठवड्यात मालक आले आणि मशीन बंद करा म्हणाले. मेहुणा घसा बसेपर्यंत ओरडला, पण सगळे माझ्याकडे बघत मशीन चालवत राहिले. फोरमन धावत आला, माझ्यासमोर उभा राहून पहिल्यांदाच सावकाश बोलला, "अरे, तू सांग ना त्यांना." मी दोन्ही हात खिशात घातले. गेल्या वर्षी तो वारला, तेव्हा हार घालायलाही मी ते बाहेर काढले नाहीत.